जिल्ह्याचे कॉलेज

जून १९४७. स्वातंत्र्याला अजून दोन महिने होते, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. खिशात फी नसेल त्याने अंगमेहनत करावी, पण शिक्षण सोडू नये, ही त्यामागची धारणा होती. शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात राबून पोरे पदवीपर्यंत पोचली. 'कमवा आणि शिका' ही योजना आज राज्यभर चालते. तिच्या मुळाशी साताऱ्यातली धनिणीची बाग आहे, तिथले वसतिगृह आहे आणि त्या वसतिगृहासाठी अंगावरचे दागिने उतरवून देणाऱ्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आहेत.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी सत्यशोधक परिषदेत भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. तेव्हापासून या भागातले शिक्षण लोकांच्या पदरच्या धान्यावर वाढले आहे. गांधीहत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला तो गाडगेबाबांनी. पुढे १९५४ साली कराडला कॉलेज निघाले आणि भाऊरावांनी त्याला बाबांचे नाव दिले. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही अशा कीर्तनकाराचे नाव पदवीच्या कॉलेजला! हे कॉलेज कोणासाठी आहे, हे दारावरच्या पाटीवरूनच कळत होते.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आम्ही सातारा-सांगलीच्या कॉलेजांसाठी राखून ठेवला, तो याच प्रश्नापायी. कॉलेज आपल्या जिल्ह्यासाठी काय करते आणि त्याची गुणवत्ता किती, हे दोन प्रश्न आज वेगवेगळ्या टेबलांवर गेले आहेत. १९९४ साली कॉलेजांचे मूल्यांकन करणारी नॅक आली, पुढे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आला. सात निकष, दरवर्षीचा अहवाल, पाहणीला येणारी समिती. या शिस्तीने पुष्कळ भले केले, हे मान्यच केले पाहिजे. कुलूपबंद ग्रंथालये उघडली, प्रयोगशाळांना उपकरणे मिळाली, अध्यापकांना आपल्या कामाचा हिशेब लिहायची सवय लागली. पण समिती यायच्या आधी रात्री जागून फायली लावणारे प्राध्यापक आम्ही पाहतो, तेव्हा वाईट वाटते. त्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे, मात्र ते कष्ट वर्गाकडे आणि पंचक्रोशीकडे वळले पाहिजेत.

म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. जतचा एखादा शेतकरी डाळिंबाच्या बागेतली माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणतो. द्वितीय वर्षाची मुलगी ती माती वाळवते, चाळते, सामू काढते, क्षारता मोजते आणि आकडे कागदावर लिहून देते. शेतकरी कागद उलटसुलट करतो आणि विचारतो, "ताई, मग खत किती टाकू?" या प्रश्नाचे उत्तर प्रात्यक्षिकाच्या वहीत नसते. ते शोधायला तिला पुन्हा पुस्तक उघडावे लागते, सरांना गाठावे लागते, कृषी अधिकाऱ्याकडे जावे लागते. तिचे रसायनशास्त्र त्या दिवशी पक्के होते. सेवा आणि गुणवत्ता इथे एकाच टेबलावर घडतात. अहवालात मात्र हीच गोष्ट 'विस्तार कार्य' या मथळ्याखाली एका ओळीत आणि दोन फोटोंत संपते.

आपल्या दोन जिल्ह्यांत असे प्रश्न जागोजागी पडले आहेत. खानापूर-आटपाडीची गलाई मंडळी सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. बापाकडून मुलाकडे आलेली त्यांची विद्या जवळच्या कॉलेजच्या अभ्यासक्रमात का असू नये? तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, कोयनेकाठची विस्थापित गावे, माण-खटावचे पाणी, २०१९ च्या महापुराने कृष्णाकाठाला शिकवलेले धडे, हे सगळे विषय पदवीच्या तोडीचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली ती स्थानिक गरजेचे कौशल्य शिकवण्यासाठीच. योजना येतात, मुदत संपली की निधी आटतो, आणि प्रमाणपत्राचे वर्ग बंद पडतात. कॉलेजने ते आपल्या मूळ अभ्यासक्रमात ओढून घेतले नाहीत तर दुसरे काय होणार?

अभ्यासक्रम वरून येतो, आमच्या हाती काय, अशी तक्रार आजवर होती आणि ती खरीही होती. १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जे ठरवील ते कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांनी शिकवायचे. आता स्वायत्त कॉलेजे झाली. २०२१ साली तर साताऱ्यातली रयतची तीन कॉलेजे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभे राहिले. अभ्यासक्रम ठरवायची लेखणी साताऱ्याच्याच हाती आली आहे. तेव्हा अभ्यास मंडळावर उद्योजकाबरोबर एखादा बागायतदार, एखादी बचत गटाची अध्यक्षा, एखादा गलाई व्यावसायिकही बसवा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. गुणवत्ता कक्षाच्या बैठकीत 'समाजाचा प्रतिनिधी' म्हणून सहीपुरता येणारा माणूस तिथे खरोखर बोलला पाहिजे.

आणखी एक आकडा प्रत्येक कॉलेजने दरवर्षी जाहीर करावा. प्रथम वर्षाला आलेल्या मुलींपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकल्या, आणि ज्या गेल्या त्या का गेल्या? बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो, पुढे सवलतीचा असला तरी पैसे मोजावे लागतात. जावळी-पाटणच्या वाडीतून निघणाऱ्या मुलीचे शिक्षण दुपारच्या एका गाडीच्या वेळेवर अडते. वेळापत्रक एसटीशी जुळवून घेणे हीसुद्धा गुणवत्तावाढच, आणि तिला निधी लागत नाही, आगार व्यवस्थापकाला भेटावे लागते.

प्राचार्यांनी, गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपल्या पंचक्रोशीत वर्षभरात काय घडले ते आम्हाला लिहून पाठवावे. बंद पडलेला उपक्रमही कळवा. तो का बंद पडला हे शेजारच्या तालुक्याला उपयोगी पडेल, आणि त्यासाठी पुढच्या अंकात पाने राखून ठेवतो आहोत.