सत्तर तासांचा हिशेब

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी एका मुलाखतीत भारतातल्या तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे, असे सांगितले. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे बोलणे प्रसिद्ध झाले. त्यांनी तो आकडा 90 वर नेला आणि रविवारी माणसांना कामाला लावता येत नाही याची खंत व्यक्त केली. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. दोन उद्योगपतींची मते आणि एका सरकारचा निर्णय एकाच समजुतीवर उभे आहेत. ती समजूत अशी, की जितके तास जास्त तितके उत्पादन जास्त आणि विश्रांती म्हणजे उत्पादनातून झालेली वजाबाकी. ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी ठरवणारा पुरावा गेली शंभर-सव्वाशे वर्षे आपल्यासमोर पडून आहे.

पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा करून पाडण्यात काही अर्थ नसतो, म्हणून तो पूर्ण बळानिशी मांडतो. मूर्तींचे म्हणणे असे: भारताची श्रम-उत्पादकता जगात फार खालच्या पायरीवर आहे, महायुद्धात बेचिराख झालेले जर्मनी आणि जपान हे देश तिथले लोक जादा तास राबले म्हणून उभे राहिले, आपल्या तरुण पिढीलाही तेच करावे लागेल. ते स्वतः वर्षानुवर्षे असे राबले आहेत, त्यामुळे या सांगण्यामागे आचरण आहे. त्यांच्या देशप्रेमाबद्दल मला शंका नाही. प्रयोगशाळेत बुडालेला संशोधक, पहाटे रियाजाला बसणारी गायिका, स्वतःचा धंदा उभारणारा माणूस घड्याळाकडे पाहत नाही, हेही मान्य. पण त्यांच्या श्रमाचे फळ त्यांचे असते आणि कधी थांबायचे ते तेच ठरवतात. पगारी नोकराच्या हाती यातले काहीच नसते.

आता उत्पादकतेचा मुद्दा घेऊ. उत्पादकता म्हणजे एका तासात निघणारे काम. ते कमी असेल तर तास वाढवून ते वाढत नाही. फार तर कमी कामाचे तास जास्त होतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतातले निम्म्याहून अधिक कामकरी आत्ताच आठवड्याला 49 तासांपेक्षा जास्त राबतात. तासांनी देश श्रीमंत होत असता तर आपण केव्हाच झालो असतो. ज्या जर्मनीचा दाखला दिला जातो तिथला कामगार आज वर्षाला सरासरी 1,340 तासांच्या आसपास काम करतो आणि प्रगत देशांत हा आकडा सर्वांत कमी आहे. त्याच्या हाताशी चांगले यंत्र आहे, पाठीशी शिक्षण आहे, वीज जात नाही, आणि त्याला कामापर्यंत पोचण्यासाठी लोकलच्या दारात लटकावे लागत नाही.

युद्धानंतरच्या जर्मनीचा इतिहासही मूर्ती सांगतात तितका सरळ नाही. पश्चिम जर्मनीला मार्शल योजनेची मदत मिळाली, 1953 च्या लंडन करारात तिच्या कर्जाचा मोठा भाग माफ झाला. आणि भरभराटीच्या ऐन मध्यावर, 1956 मध्ये, तिथल्या कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या, 40 तासांच्या आठवड्यासाठी मोहीम उघडली. तिच्या भित्तिपत्रकावर शनिवारी बाबांवर आपला हक्क सांगणारे एक लहान मूल होते. 1967 पर्यंत धातुउद्योगात 40 तासांचा आठवडा आला. म्हणजे देश वर चढत होता आणि तास खाली उतरत होते. जपानचा धडा तर आणखी कठोर आहे. तिथे अतिश्रमाने झालेले मृत्यू सरकारदरबारी वेगळे नोंदवावे लागतात, 2018 मध्ये ओव्हरटाइमवर कायद्याने मर्यादा घालावी लागली, आणि इतके करूनही दर तासाच्या उत्पादकतेत जपान सात प्रगत देशांच्या गटात तळाशीच राहत आला आहे.

जर्मनीतलाच एक जुना प्रयोग मला या वादात सर्वांत मोलाचा वाटतो. येना शहरातल्या झाइस या भिंगांच्या कारखान्याचे सूत्रधार एर्न्स्ट आबे हे भौतिकशास्त्रज्ञ होते. 1900 मध्ये त्यांनी 9 तासांचा दिवस 8 तासांवर आणला आणि नगावर मजुरी मिळवणाऱ्या 233 कामगारांची कमाई आधीच्या व नंतरच्या वर्षात ताडून पाहिली. नगावर मजुरी असल्यामुळे कोणी किती काम केले ते वहीतच होते; मुकादमाच्या मतावर काही अवलंबून नव्हते. दर तासाचे काम सुमारे 16 टक्क्यांनी वाढले. दिवस एक तासाने आखडूनही दिवसाचे एकूण काम आधीपेक्षा थोडे जास्तच भरले.

दुसरा पुरावा पहिल्या महायुद्धातला आहे. ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यांत, बहुतेक बायकाच, आठवडेच्या आठवडे सुट्टीविना राबत होत्या. देशासाठी मरायला तयार असलेली माणसे आघाडीवर होती, त्यामुळे इथे कामचुकारपणाचा संशय घ्यायला जागा नव्हती. 1915 मध्ये नेमलेल्या समितीने या कामगारांच्या तासांच्या आणि उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदी स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी 2014 मध्ये नव्याने तपासल्या. आठवड्याला 50 च्या आसपास तासांपर्यंत उत्पादन तासांबरोबर वाढत होते. पुढे ती वाढ मंदावत गेली, आणि 70 तासांत निघालेले काम 56 तासांतल्या कामापेक्षा फारसे जास्त नव्हते. मधले 14 तास त्या बायकांच्या शरीरातून गेले, पण तोफगोळ्यांत उतरले नाहीत. मूर्तींनी नेमका 70 हाच आकडा घ्यावा याचे मला म्हणूनच वाईट वाटते. याच आकड्याची परीक्षा शंभर वर्षांपूर्वी होऊन गेली आहे.

आपल्याला इतक्या दूरही जायला नको. हा सगळा वाद मुंबईत, परळ-लालबागच्या गिरण्यांत, एकदा पूर्ण लढला गेला आहे. सप्टेंबर 1884 मध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या किती साध्या होत्या पाहा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर, आणि अपघात झाला तर भरपाई. म्हणजे सूर्य मावळल्यावर सुटका मिळावी, हीसुद्धा तेव्हा मागणी होती. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10,000 कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

देशाचे नाव तेव्हाही पुढे केले गेले होते. लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईचा माल महाग व्हायला हवा होता, म्हणून त्यांनी इथल्या कारखाना कायद्यासाठी जोर लावला, हे खरेच आहे. त्यामुळे राष्ट्रीय विचारांच्या अनेक पत्रांनी कायद्यालाच विरोध केला: स्वदेशी उद्योग बुडेल म्हणून. दोन्हीकडच्या मालकांच्या भांडणात कामगाराच्या पाठीचे काय, हे लोखंड्यांनी विचारले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचाही अडसर संपला. दिवस 14 तासांवर गेला. 1908 च्या कारखाना कामगार आयोगासमोर मालकांची बाजू अशी होती, की हिंदी कामगार सलग काम करतच नाही, मधूनमधून बाहेर जाऊन रेंगाळतो, तेव्हा त्याचे 14 तास हे खरे 14 तास नव्हेतच. आयोगाचे सदस्य डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून प्रौढ पुरुषांच्याही तासांवर मर्यादा मागितली. मालकांनी सांगितलेले रेंगाळणे हे लांब दिवसाचे कारण नव्हते, परिणाम होता. 14 तास कोणाचेही शरीर सलग चालत नाही. ते आपली विश्रांती चोरून घेते.

पुढे कायद्याने 1911 मध्ये कापडगिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस 12 तासांवर आणला. 1919 च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वॉशिंग्टन परिषदेत, जिथे ना. म. जोशी हिंदी कामगारांच्या वतीने गेले होते, जगासाठी 48 तासांचा आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र 60 तासांचा आठवडा ठरला. तो 1922 मध्ये कायद्यात आला, 1934 मध्ये त्याचे 54 तास झाले, आणि 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना मांडलेल्या दुरुस्तीने 48. प्रत्येक पायरीवर उद्योग बुडण्याचे भाकीत झाले आणि प्रत्येक वेळी उद्योग चालूच राहिला. मुंबईच्या गिरण्या पुढे बंद पडल्या, त्याची कारणे जुनी यंत्रे, जमिनीचे भाव आणि यंत्रमाग अशी बरीच आहेत. रविवारची सुट्टी त्यांत नाही. आज 70 तास मागणारा माणूस 1922 च्या परक्या सरकारनेही नाकारलेली गोष्ट मागतो आहे, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

‘हे सगळे कारखान्यापुरते, संगणकापुढचे काम वेगळे,’ असे उत्तर येईल. वेगळे आहेच, आणि म्हणून प्रश्न अधिक बिकट आहे. थकलेल्या विणकराचा तुटलेला धागा त्याच वेळी दिसतो. थकलेल्या अभियंत्याची चूक तीन महिन्यांनी ग्राहकाच्या दारात दिसते. ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरांत केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कर्मचारी आनंदात असलेल्या आठवड्यांत विक्री सुमारे 13 टक्क्यांनी जास्त आढळली. ते जास्त वेळ बसले नव्हते; त्याच वेळात त्यांचे जास्त फोन झाले आणि अधिक फोन विक्रीत बदलले. माणसाचे सुख हा घरी ठेवून यायचा ऐवज नाही, ते कामात उतरते. आइसलंडमध्ये 2015 ते 2019 या काळात सुमारे 2,500 जणांचा आठवडा पगार न कापता 40 तासांवरून 35-36 वर आणला. बहुतेक ठिकाणी सेवा तेवढीच राहिली किंवा सुधारली. तिथे बैठका आखडल्या, पाळ्या नव्याने लावल्या, निरर्थक कामे काढून टाकली. हा भाग सोडून नुसते दिवस कमी केले तर काही होत नाही. आपल्या राज्य सरकारने 2020 मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला, पण रोजची वेळ वाढवून. फाइल सरकण्याची पद्धत होती तशीच राहिली.

कार्यालयांतले तास का वाया जातात, याचे कारण सोपे आहे: ते फुकट मिळतात. कायद्याप्रमाणे कारखान्यांत ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो. 70 तासांतले 48 साधे आणि उरलेले 22 दुपटीने धरले तर मालकाला 92 तासांचा पगार मोजावा लागेल. असा पगार मोजून 70 तास मागणारे किती राहतील? रात्री दहाचा कॉल, शनिवारचे ‘जरा बघून घ्या’, सुट्टीतला मेल, या कशाचेच बिल येत नाही, म्हणून यांतले काय गरजेचे आहे हे कोणी विचारत नाही. फुकटच्या वेळात वरिष्ठाचे ढिसाळ नियोजन झाकले जाते, आणि उशिरापर्यंत दिवा जळत ठेवणारा अप्रेझलमध्ये निष्ठावान ठरतो.

‘विश्रांती हे पोटभरल्यांचे चोचले आहेत,’ हा आक्षेप मला सर्वांत जिव्हारी लागतो, कारण तो गरिबाच्या नावाने केला जातो. रविवार मागणारे 5,500 लोक पोटभरले नव्हते. सोसायटीच्या गेटवर 12 तास उभा राहणारा रखवालदार पोटभरलेला नाही. मुंबईचा पोलीस शिपाई वर्षानुवर्षे 12 तास आणि बंदोबस्त असला की त्याहून जास्त राबत आला. 2016 मध्ये, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, एका शिपायाने तयार केलेल्या आराखड्यावरून देवनार पोलीस ठाण्यात 8 तासांच्या तीन पाळ्या लावून पाहिल्या. आहे तेच मनुष्यबळ नीट वाटले तर जमते, हे तिथे दिसले आणि 2018 मध्ये ती पद्धत शहरभर नेली गेली. ज्यांच्याबद्दल ‘यांना घड्याळ असूच शकत नाही’ असे धरून चालतात, त्यांच्याच खात्यात हे घडले.

इथवर मी उत्पादकतेच्या मैदानावर लढलो, कारण प्रतिपक्षाने ते निवडले होते. पण माझे खरे म्हणणे तेवढ्यावर थांबत नाही. कमी तासांनी उत्पादन तसूभरही वाढले नसते, तरी मी हीच बाजू घेतली असती. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये संयुक्त निष्कर्ष प्रसिद्ध केले: आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. 2016 या एका वर्षात अशा लांब तासांशी जोडलेले मृत्यू सुमारे 7 लाख 45 हजार होते. देश उभा करायचा तो ज्यांच्यासाठी, तीच माणसे यात खर्ची पडत असतील तर त्या उभारणीला मी देशकार्य म्हणणार नाही.

आणि 70 तास काम करणाऱ्याचा डबा कोण भरतो? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा 97. लांब दिवसाची प्रत्येक मागणी घरात दुसरे कोणीतरी फुकट राबते आहे, हे गृहीत धरते. त्या मागणीने नोकरी करणाऱ्या बाईला दोनच वाटा उरतात: नोकरी सोडायची, नाहीतर झोप.

म्हणूनच 12 तासांच्या दिवसाला मी ठाम विरोध करतो. आठवड्याची मर्यादा 48 च राहिली तर चार दिवसांत काम उरकून तीन दिवस सुट्टी घेता येईल, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. कसारा, कर्जत किंवा विरारहून येणाऱ्याचा 12 तासांचा दिवस जाऊन-येऊन पंधरा-सोळा तासांचा होतो. त्या चार दिवसांत पोरे झोपलेलीच दिसतात, शेवटच्या दोन तासांत यंत्रावरचा हात चुकतो, आणि उरलेले तीन दिवस शरीर सावरण्यात जातात. झोप, जेवण, पोरांचा अभ्यास, आईवडिलांची विचारपूस ही रोजची कामे आहेत. ती आठवड्याच्या शेवटी साठवून करता येत नाहीत. 48 चा आकडा 1946 पासून एका तासानेही खाली आलेला नाही. मधल्या जवळपास ऐंशी वर्षांत यंत्रे आली, संगणक आले, एका माणसाचे काम कैक पटींनी वाढले, आणि त्याचा लाभ कामगाराच्या दिवसात कुठेच दिसत नाही. पुढची मागणी 40 तासांची असली पाहिजे: रोज 8 तास, आठवड्याला पाच दिवस, पगारात कपात न करता, आणि त्यापलीकडच्या प्रत्येक तासाला, कारखान्यात असो वा कार्यालयात, दुप्पट दर.