अप्रूप गेले, सरप्राइज आले

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका मुलीला दहा वर्षे पूर्ण झाली. तिचे नाव मी सांगणार नाही, कारण ही कथा आता एकाच घराची उरलेली नाही. वाढदिवस शनिवारी होता. आठवडाभर आधी त्या मुलीने वहीची पाने कापून पाच निमंत्रणे केली, त्यांवर रंगीत पेन्सिलीने केक काढला आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील पाच सोबत्यांना ती वाटली. संध्याकाळी पाच वाजता घरी या, आजी शेवयांची खीर करणार आहे, एवढाच मजकूर. इकडे तिच्या आईवडिलांनी तीन महिन्यांपासून एक गुपित जपले होते. शुक्रवारी रात्री मुलीला झोपेतून उठवून गाडीत बसविण्यात आले. विमानतळावर तिच्या हाती पासपोर्ट ठेवला गेला आणि तिच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मोबाइलमध्ये टिपून घेण्यात आले. चार दिवस दुबई! गुपित फुटू नये म्हणून आजीची रवानगी आधीच करंजाला लेकीकडे झाली होती.

शनिवारी पाच वाजता पाच मुले कुलूप लावलेल्या दारापुढे उभी राहिली. त्यांतील एक मुलगा नंतर माझ्याकडे आला. हातात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली कंपासपेटी होती. "फादर, ही तुमच्याकडे ठेवा. ती कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही," एवढे बोलून तो गेला. ती पेटी आठ दिवस माझ्या टेबलावर होती. हा लेख त्या पेटीने मला लिहायला लावला आहे.

वाचकहो, प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी प्रवासाचा वैरी नाही. उरणचा माणूस प्रवासाचा वैरी होऊच शकत नाही. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला आणि करंजाहून रेवसला जातच आपल्या पिढ्या वाढल्या. कोणी जहाजावर गेले, कोणी आखातात गेले, आणि त्यांच्या घामावर इथली घरे उभी राहिली. मी स्वतः भाविकांबरोबर पवित्र भूमीची यात्रा केली आहे. माझ्याही पासपोर्टवर शिक्के आहेत. म्हणून विमानात बसणाऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार मी घेत नाही. माझा आक्षेप दोन गोष्टींवर आहे: मुलाच्या वाढदिवसाचे मोल परदेशाच्या तिकिटात मोजण्याच्या नव्या रीतीवर, आणि त्याहून अधिक, ते त्याच्यापासून लपवून करण्यावर.

ही रीत आली कोठून? आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी वाढदिवसाला फारसा मान नव्हता. ज्या संताचे नाव ठेवले त्याचा सण हाच त्या माणसाचा दिवस. सकाळी मिस्सा, घरी गोडधोड, आणि शेजारच्या घरी वाटी. सोळाव्या वर्षाची मेजवानी अमेरिकेतून आली. एकविसाव्या वर्षी घराची किल्ली देण्याची प्रथा इंग्रजांची. अठरावे वर्ष मात्र आपल्याकडे खरेच अर्थपूर्ण आहे, कारण १९८९ पासून त्या वयाला मतदानाचा हक्क मिळतो. टप्पा म्हणजे जेथे माणसावर काही नवी जबाबदारी येते तो. दृढीकरणाच्या वेळी मूल स्वतःच्या तोंडाने उत्तर देते, म्हणून तो टप्पा. दहाव्या वाढदिवशी आपण मुलाच्या हाती कोणती नवी जबाबदारी देतो? पासपोर्ट देतो. तोही विमानतळावर, आणि चित्रफीत पूर्ण होताच परत घेतो!

पैशाची वाट मोकळी झाली, हेही खरे. परदेशी चलन सामान्य माणसाला मोजूनमापून मिळत असे, तो काळ फार जुना नाही. रिझर्व्ह बँकेने २००४ साली वर्षाला २५,००० डॉलर परदेशी पाठविण्याची मुभा व्यक्तीला दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे आणि अज्ञान मुलालाही ती लागू आहे. २०२३-२४ या वर्षात भारतीयांनी या योजनेखाली सुमारे ३१.७ अब्ज डॉलर बाहेर पाठविले. त्यांतील सुमारे १७ अब्ज, म्हणजे निम्म्याहून अधिक, प्रवासावर गेले. शिक्षण, औषधोपचार आणि नातलगांचा निर्वाह या साऱ्यांना मिळून उरलेल्या भागातच बसावे लागले. थायलंड आणि मलेशिया या देशांनी २०२३ च्या अखेरीस भारतीयांना व्हिसाची अट काढून टाकली. आपल्या दाराशीही १२ जानेवारी २०२४ रोजी उरणची रेल्वे आणि २१.८ किलोमीटरचा अटल सेतू एकाच दिवशी आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि नेमक्या नाताळच्या दिवशी तेथून विमाने उडू लागली. मोह आता अंगणात आला आहे.

यावर पालक मला तीन उत्तरे देतात. तिन्हींचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

पहिले उत्तर: "फादर, पैसा आमचा आहे." पैसा तुमचाच आहे. पण उरणमधील पैशाला एक इतिहास आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ज्या शेतांत भात व ज्या आगरांत मीठ पिकत होते ती जमीन शहरासाठी आणि बंदरासाठी गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. तो भूखंड विकून जो पैसा घरात आला, तो एका पिढीची शेती आहे. तो चार दिवसांत वाळवंटातील कारंजी पाहण्यात खर्च करण्याआधी निदान घरातील म्हाताऱ्याला विचारा. आणि जेथे जमीनही नव्हती, पैसाही नव्हता, तेथे आज कर्ज आहे. सहलीसाठी विनातारण कर्ज मिळते. अशा वैयक्तिक कर्जांची वाढ पाहून १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने त्यांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, म्हणजे बँकांनी त्यांच्यामागे स्वतःचे भांडवल अधिक ठेवावे असे बजावले. देशाच्या बँकेला जी चिंता वाटते ती घरातील कर्त्या माणसाला वाटू नये? केकवरची मेणबत्ती एका फुंकरीने विझते. हप्ता तीन वर्षे जळत राहतो.

दुसरे उत्तर: "मुलांना किती आनंद होतो, ते तुम्ही पाहायला हवे." मी पाहिला आहे. हल्ली तो सर्वांना पाहावाच लागतो, कारण तो लगेच सर्वांच्या मोबाइलवर पाठविला जातो. माझा प्रश्न एवढाच, की मुलाला आनंद व्हायच्या आधीच कॅमेरा सुरू झालेला असेल, तर तो सोहळा कोणाचा? मुलाने नेमून दिलेल्या क्षणी नेमून दिलेला चेहरा करावयाचा. ते रडले, गोंधळले, झोपेतून उठवल्यामुळे चिडले, तर आईवडिलांचा हिरमोड. म्हणजे देणगी मुलाला आणि परीक्षाही मुलाचीच.

आपल्या मराठीत या बाबतीत एक सुंदर शब्द आहे: अप्रूप. अप्रूप म्हणजे जे सहज मिळत नाही त्याचे कौतुक. अप्रूपाला वाट पाहण्याची गरज असते. आगमनकाळाचे चार रविवार आपण उगाच पाळत नाही. ते नसते तर नाताळ हा सुट्टीचा आणखी एक दिवस झाला असता. लहानपणी राणीची बाग पाहायला जायचे म्हणून आम्ही महिनाभर दिवस मोजत असू. भरतीची वेळ पाहून लाँच ठरायची, डबा ठरायचा, कोण खिडकीशी बसणार यावर भांडण ठरलेले. सहल एका दिवसाची, पण आनंद एका महिन्याचा. सरप्राइज मुलाकडून तो महिना काढून घेते. ते वाट पाहण्याचा सारा आनंद आईवडिलांकडे ठेवते आणि मुलाला फक्त धक्का देते.

ती मुलगी परत आल्यावर मी कंपासपेटी तिच्या हाती दिली. दुबईतील सर्वांत उंच इमारतीविषयी ती काहीतरी सांगेल असे मला वाटले होते. तिने विचारले, "फादर, ते किती वेळ थांबले होते?" मी खरे ते सांगितले. अर्धा तास.

तिसरे उत्तर मला तिच्या वडिलांनी दिले, आणि ते सर्वांत प्रामाणिक आहे. ते बंदरात पाळीने काम करतात. "फादर, वर्षभर मी तिच्या वाट्याला येत नाही. मी येतो तेव्हा ती झोपलेली, ती उठते तेव्हा मी निघालेलो. चार दिवस तरी पूर्ण तिचे द्यावेत, म्हणून हे केले." या माणसापुढे उपदेश करायला माझी जीभ रेटली नाही. त्यांची भूक खरी आहे. पण भूक वेळेची आहे आणि बाजार तिला तिकीट वाढतो. चार दिवसांतील दोन दिवस प्रवासात, रांगांत आणि खरेदीत गेले. उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांची पाळी तशीच राहिली. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलीबरोबर पिरवाडीच्या किनाऱ्यावर घालविण्यास पासपोर्ट लागत नाही. तिला मात्र चित्रफीत नसते. म्हणूनच तर ती आपल्याला क्षुल्लक वाटत नाही ना?

मग मुलांना घेऊन दूर जाऊच नये काय? अवश्य जावे. बाल येशूची संत तेरेजा चौदा वर्षांची असताना, नोव्हेंबर १८८७ मध्ये, तिचे वडील लुई मार्टिन तिला आणि तिची बहीण सेलिन हिला घेऊन फ्रान्सहून रोमला गेले. वाटेत स्वित्झर्लंडचे डोंगर, मिलान, व्हेनिस, लोरेटो हे सारे त्यांनी पाहिले. तीही कौटुंबिक परदेशयात्राच होती. पण तेरेजा झोपेतून उठवून नेलेली मुलगी नव्हती. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात प्रवेश मिळावा ही स्वतःची विनंती ती घेऊन चालली होती. ती तिने आधी वडिलांना सांगितली होती, आणि वडिलांनी ती ऐकली होती. २० नोव्हेंबरला बोलण्याची मनाई असतानाही तिने पोप तेरावे लिओ यांच्यापुढे ती मांडली. त्या प्रवासात धर्मगुरूंना जवळून पाहून, त्यांना प्रार्थनेची किती गरज आहे, हेही तिला कळले. आम्हा धर्मगुरूंना हे वाक्य टोचते, म्हणून मुद्दाम लिहितो.

बारा वर्षांच्या येशूला घेऊन योसेफ आणि मरिया येरुशलेमला गेले, तो प्रवासही आठवावा. ते एकटेच गेले नव्हते. नातलग आणि शेजारी यांचा तांडा बरोबर होता, म्हणूनच मुलगा मागे राहिल्याचे त्यांना दिवसभर कळले नाही. त्या प्रवासात आश्चर्य आईवडिलांनी मुलाला दिले नाही. मुलाने आईवडिलांना दिले. बारा वर्षांचे मूल स्वतःचे प्रश्न विचारू लागले आहे, हे त्यांना मंदिरात समजले. आपल्या मुलांना असे प्रश्न पडतात का, हे ऐकायला घरात कोणी थांबलेले असते का?

दोष केवळ पालकांचा नाही. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचा दिवस सभागृह, छायाचित्रकार आणि पोशाख यांच्या स्वाधीन होत गेला, तेव्हा आम्ही वेदीवरून गप्प राहिलो. मुलांच्या संस्काराला मेजवानीचे मोल लावले गेले, तेथेच वाढदिवसाला विमानाचे मोल लागण्याची तयारी झाली. ती चूक मी माझ्यापुरती कबूल करतो.

म्हणून माझे सांगणे थोडे आणि साधे आहे. परदेशी जायचे असेल तर जा, पण मुलाला सांगून जा. नकाशा त्याच्यापुढे पसरा. खर्च किती येईल, तो कोठून येईल, त्यासाठी घरात काय कमी करावे लागेल, हे दहा वर्षांच्या मुलाला समजते. कर्ज काढावे लागत असेल तर जाऊ नका. आजीला गुपिताच्या भीतीने दूर पाठवू नका. तिला बरोबर न्या, नाहीतर तिची खीर आधी खाऊन मग निघा. आणि दूरचे दाखविण्याआधी जवळचे दाखवा. १९८७ पासून जागतिक वारसा असलेली घारापुरी आपल्याच तालुक्यात आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी विचारले तेव्हा तीन मुलांनी सिंगापूर पाहिले होते, घारापुरी एकाने.

ज्यांच्या घरी यंदा कोणाला दहा, सोळा वा अठरा वर्षे पूर्ण होणार आहेत, त्या पालकांना माझी एक विनंती आहे. आज रात्री जेवताना त्या मुलाला विचारा, तुझा वाढदिवस तुला कसा हवा आहे? कदाचित त्याने निमंत्रणे आधीच लिहिली असतील.