आठव्या महिन्यातच ठरवू या

दिवाळी हा लेकीबाळींनी माहेरी येण्याचा सण. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत असल्यामुळे यंदाही पुण्याहून, चाकणहून, मुंबईहून काही लेकी भरल्या दिवसांच्या येतील. त्यांच्या आया कोणत्या दवाखान्याच्या भरवशावर त्यांना बोलावत आहेत, हा प्रश्न घेऊन हा अंक तुमच्या हाती देत आहोत.

तालुक्याच्या गावातले डॉक्टर दांपत्य थकते, त्यांची मुले शहरात स्थिरावतात आणि प्रसूतिगृहाला कुलूप लागते. सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञाची जागा रिकामी राहते. पाटी जागेवर असते, पण अडलेल्या बाईला पुढे पाठवले जाते. 2020 मध्ये कोविडसाठी दवाखाने राखून ठेवले गेले, तेव्हा किती गरोदर बायकांना ऐनवेळी दुसरीकडे धाव घ्यावी लागली, हे महाराष्ट्राने पाहिले. कारण कोणतेही असो, दवाखान्याने खाली ठेवलेले ओझे घरच्यांच्या डोक्यावर येते. नवऱ्याने गाडी शोधायची, सासूने पैसे जमवायचे आणि बाईने कळा सोसत वाट पाहायची.

आपल्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात ही वाट फार लांबची आहे. डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून असाणे-आहुप्याकडून येणारा रस्ता पावसाळ्यात किती बेभरवशाचा होतो, हे घोडेगावकरांना सांगायला नको. 30 जुलै 2014 रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली, तो याच खोऱ्यात. घोडेगावात सोय झाली नाही तर मंचर, मंचरला नाही तर पुणे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव धडधाकट बाईचा जीव दोन तासांत घेऊ शकतो. दवाखान्यांच्या या साखळीत ते दोन तास कुठे संपतात, याचा हिशेब प्रत्येक घराने आधीच करायला हवा.

आरोग्यक्षेत्रात तीन उशिरांची गोष्ट सांगतात: निघायचा निर्णय घ्यायला उशीर, पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. जवळचा दवाखाना बंद झाला की दुसरा उशीर वाढतो आणि त्या धास्तीने पहिलाही वाढतो. ‘बघू, थोडं थांबू’ म्हणत रात्र निघून जाते. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत 2014 पर्यंत निम्म्याहून अधिक ग्रामीण काउंट्यांमधल्या रुग्णालयांत बाळंतपणाची सोय उरली नव्हती. शहरांपासून दूरच्या ज्या भागांत ती बंद झाली, तिथे दवाखान्याबाहेरची बाळंतपणे आणि अपुऱ्या दिवसांची बाळे वाढल्याचे संशोधकांना दिसले.

अडलेल्या बाईला आसरा देण्याची परंपरा मात्र आपल्याच जिल्ह्याची आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. जिला कुणी दारात उभे करत नव्हते, अशा गरोदर विधवेला तिथे सुखरूप बाळंत होता येत असे. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत आरोग्य विभागाची ‘माहेरघरे’ आहेत. दिवस भरत आलेली बाई आधीच दवाखान्याजवळ येऊन राहते, सोबतीला घरचे माणूस असते, जेवणाची सोय असते. कळा सुरू झाल्यावर घाट उतरायची वेळच येत नाही.

आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी गावांचा कारभार पाहणारे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय घोडेगावातच आहे. इथे माहेरघर हवे, ही आमची पहिली मागणी. दुसरी मागणी ग्रामसभांकडे आहे. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो आरोग्यावरही खर्च करता येतो. रस्ता बंद झाला तर गाडी कुणाची, डिझेल कुणाचे, हे ग्रामसभेने पावसाळ्याआधी ठरावात लिहावे. तिसरी मागणी प्रशासनाकडे: कोणतीही प्रसूतीची सोय बंद करायची असेल, तर पर्यायी दवाखाना आणि गाडी यांची व्यवस्था आधी करा, ती आशाताईमार्फत प्रत्येक गरोदर बाईच्या घरी कळवा आणि मगच कुलूप लावा.

घरच्यांनीही आठवा महिना लागताच एक पिशवी भरून ठेवावी. त्यात माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार, बँकेचे पासबुक, धुतलेली मऊ सुती लुगडी आणि बाळाचे टोपडे-दुपटे असावे. कार्डावर रक्तगट आणि हिमोग्लोबिन लिहिले आहे का, तेही पाहावे. भिंतीवर ठळक अक्षरांत 102 आणि 108, आशाताईचा नंबर आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर लिहावेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी हे सारे मोफत मिळण्याचा हक्क जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने 2011 पासून दिला आहे. तो हक्क म्हणूनच मागावा.

या अंकात आशाताई, परिचारिका, सुईणी, डॉक्टर आणि नुकत्याच आई झालेल्या मुली आपापले अनुभव सांगत आहेत. ते वाचा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. भाऊबिजेला ओवाळणी घालताना भावाने गरोदर बहिणीला एवढे विचारावे: कोणत्या दवाखान्यात जायचे ठरले आहे, आणि रात्री-अपरात्री कळा आल्या तर गाडी कोण काढणार? उत्तर तयार नसेल, तर त्याच दिवशी बसून ठरवावे.



— संपादक