बैलाला अमावास्या, बाईला काय?



मागच्या महिन्यात आम्ही गावातली चार जोडपी अंदमानला जाऊन आलो. त्याची हकिगत सांगायची राहिली होती, ती आज सांगतो.

आमचे थोरले चुलतभाऊ, त्यांना सारा गाव दादा म्हणतो, ते निघायलाच तयार नव्हते. “गव्हाला पाणी द्यायचंय, गाय गाभण आहे, आणि मी काय समुद्र बघत बसू?” हेच पालुपद. शेवटी वहिनी चुलीपुढून उठल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही राहा. मी जाते.” लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण असा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. दादांनी मुकाट्यानं पिशवी भरली.

चेन्नईहून विमानानं पोर्ट ब्लेअरला उतरलो. २०२४ सालापासून त्या गावाचं नाव श्री विजयपुरम आहे. तिथला सेल्युलर जेल पाहिला. सावरकरांच्या कोठडीपुढं कोणाला बोलणं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीनं दोनेक तासांत शहीद द्वीपावर पोचलो. हेच जुनं नील बेट. २०१८ साली त्याचं नाव बदललं.

बेट एवढंसं, की सायकलवर सगळं पाहून होतं. वस्त्यांची नावं ऐकून आमच्या बायका हरखल्या: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर! नारळी-पोफळीच्या सावलीत साध्या खोल्या मिळाल्या. ना गर्दी, ना गोंगाट. ओहोटीला समुद्र दूरवर मागं सरतो. मग खडकांच्या खळग्यांतल्या पाण्यात रंगीत मासे आणि काकडीएवढे काळे प्राणी दिसतात. थंडीत तिथं साडेपाचलाच दिवस मावळतो. जेवण उरकून आठाला आडवं व्हायचं, हे तर आपल्या अंगवळणीचंच.

दादांना मात्र करमेना. ते वाळूतून बांधावर फिरल्यासारखे येरझारा घालायचे. फोन घेऊन नारळीखाली उभे राहायचे आणि रेंज मिळाली की विचारायचे, “मोटर चालू केली का?”

दुसऱ्या दिवशी त्यांना एक म्हातारा बंगाली शेतकरी भेटला. वांग्याच्या वाफ्यात खुरपत होता. शेतकऱ्याला शेतकरी भेटला की भाषा लागत नाही. दोघांची मोडकी हिंदी पुरली. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेली कुटुंबं सरकारनं या बेटावर आणून वसवली. म्हातारा तेव्हा पोरगा होता, कलकत्त्याहून आईबापांबरोबर जहाजानं आला. तेव्हा इथं दाट रान होतं. ते तोडून त्यांनी जमीन केली. आज इथली भाजी बोटीनं श्री विजयपुरमच्या बाजारात जाते. समुद्र खवळला की बोट बंद, आणि तोडलेला माल जागेवर. “मग काय करता?” दादांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, “बसतो. समुद्राला कोण सांगणार?”

दादा हसले. पण ते वाक्य त्यांच्या मनात बसलं असावं.

त्या रात्री घरमालकीण बाईंनी पानं वाढली. मासळी खाणाऱ्यांना मासळी, माळकऱ्यांना डाळ-भाजी. सवयीनं वहिनी वाढायला उठल्या, तर बाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. “दीदी, आज तुम्ही खा.” वहिनींनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग स्वतःच हसून म्हणाल्या, “अमावास्येला बैलसुद्धा जुंपत नाहीत. पोळ्याला त्याला पुरणपोळी. मला मात्र पोळ्यालाच जास्त काम!”

सगळे हसले. दादा तेवढे हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी भरतपूरच्या किनाऱ्यावर सावलीत चटई टाकून झोपल्या. तासभर झाला, दोन तास झाले. आम्ही बोलवायला गेलो, तर दादा उशाशी बसून टॉवेलानं माशा वारत होते. ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाले, “उठवू नका रे. हिला दुपारी निजलेली मी आज पहिल्यांदा पाहतोय.” त्या दिवशी त्यांनी घरी फोन केला नाही.

परत आलो तर गहू उभाच होता. पोरांनी वेळेवर पाणी दिलं होतं. गायही आमच्यावाचून व्याली, कालवड झाली.

मंडळी, अंदमानला सगळ्यांनी जावं असं मी म्हणत नाही. खर्च थोडा नाही. जाणार असाल तर पावसाळा टाळा, तिथं तो लांबतो. पोवळं, शंख-शिंपले उचलून आणू नका, त्याला बंदी आहे. पण जाणं जमलं नाही तरी एक करता येईल. आपण जमीनसुद्धा दमली की पड ठेवतो. घरातल्या बाईलाही तसा एखादा दिवस ठेवा.

परवा अमावास्या होती. दादांच्या घरावरून गेलो. बैल गोठ्यात रवंथ करत होते, वहिनी ओट्यावर शेजारणीशी गप्पा मारत बसल्या होत्या. आत दादा पिठलं ढवळत होते.

पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या म्हणे. पण वहिनींनी मागून घेऊन खाल्लं.