मोर्चा काट्यावर न्या!

वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाल्यावाचून ज्या घरात दिवाळीचा पहिला दिवा लागत नाही, त्या घरातल्या माणसांशी मला आज थोडे भांडायचे आहे. सणासुदीला भांडण काढू नये, हे मास्तर असूनही मला कळते. परंतु हे भांडण सणाच्याच पोटातून निघालेले आहे. फराळाच्या ताटातल्या करंजीत जी साखर आहे, ती दुकानातून घरी आली हे खरे. पण दुकानात येण्याआधी ती ऊस होती, आणि तो ऊस फडापासून कारखान्यापर्यंत पुष्कळदा बैलाच्या खांद्यावरून आलेला असतो. त्या खांद्याची गोष्ट करायची तर दिवाळीइतका योग्य मुहूर्त दुसरा नाही. कारण फटाके वाजू लागतात त्याच्या आगेमागे गाळपाचा हंगाम सुरू होतो आणि आमच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते.

आमचे पळसदेव इंदापूर तालुक्यातले, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, उजनीच्या पाण्याकाठचे गाव. जुने गाव त्या पाण्याखाली गेले. पाणी फार ओसरले म्हणजे पळसनाथाचे प्राचीन देऊळ तेवढे वर डोके काढते. ज्या पाण्याने गाव बुडवले त्याच पाण्याने ऊस दिला, आणि इंदापूर-बारामतीचा हा पट्टा साखरेचा झाला. लांबचा ऊस ट्रॅक्टरने जातो. जवळपासचा ऊस अजूनही टायरगाडीने, बैलांच्या बळावर जातो. गाडीवान आमच्यातला नसतो. तो बीडकडून, अहिल्यानगरकडून, मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांतून बायकोपोरांसह येतो. मुकादमाकडून उचल घेतो. उचलीतला मोठा भाग बैलजोडीत जातो आणि ती उचल तो टनाटनाने फेडतो.

आम्ही निर्दय माणसे नाही. आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुराला येते, तेव्हा रथाच्या बैलजोडीला हात लावून तो हात कपाळाला लावणारे आम्हीच. बेलवाडीच्या रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावणारेही आम्हीच. कुठे बेंदूर, कुठे पोळा; पण आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होतेच. लोणी आणि हळद घेऊन घरधनी बैलाचा खांदा चोळतो आणि उद्या जेवायला या म्हणून त्याला आवतण देतो. जगात जनावराला हात जोडून जेवायला बोलावणारी माणसे फार नसतील! प्रश्न एवढाच आहे, की एका संध्याकाळी आपण जो खांदा चोळतो, तो बाकीच्या दिवसांत सुजवतो कोण?

या प्रश्नाची दोन उत्तरे गावात तयार असतात आणि दोन्ही खोटी आहेत.

पहिले उत्तर शहरातून येते. एका हंगामात काही प्राणिमित्र मंडळी हमरस्त्यावर उतरली. हातात फलक, गळ्यात कॅमेरे. त्यांनी उसाची एक गाडी अडवली, बैलांच्या खांद्याचे फोटो घेतले आणि गाडीवानाला राक्षस ठरवले. त्याची बायको मोळीवर पोर घेऊन बसली होती. तिचा फोटो कुणी घेतला नाही. तासाभराने मंडळी निघून गेली. गाडीवानाची खेप बुडाली, आणि बैल तेवढा वेळ उन्हात, भरल्या गाडीला जुंपलेलेच उभे राहिले. दयेचा तो तास बैलांना ओढण्याच्या तासाहून जड गेला असेल.

दुसरे उत्तर आमचे पुढारी देतात. "शेतकऱ्याला बैल कळतो, शहरवाल्यांनी शिकवू नये." टाळी घेणारे वाक्य आहे. पण शेतकऱ्याला बैल कळतो म्हणूनच तो स्वतःच्या बैलाला असे ओझे ओढायला लावत नाही. उसाच्या गाडीचा बैल शेतकऱ्याचा नसतोच. तो कर्जाचा असतो. ज्याच्या मानेवर मुकादमाचे जू आहे, त्याच्या बैलाच्या मानेवर हलके जू येणार कुठून?

म्हणून मी म्हणतो, की जनावरांसाठी मोर्चा काढायचा असेल तर तो गाडीवानावर काढू नका. गाडीवानाला पुढे घालून तो वजनकाट्यावर न्या.

काट्यावरच का, ते सांगतो. जनावरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याखाली ओढकामाच्या जनावरांचे नियम १९६५ साली झाले. बैलाचा आकार आणि गाडीचे चाक पाहून किती ओझे घालावे, हे त्यात ठरवून दिले आहे. दिवसात एकंदर ९ तासांपेक्षा जास्त काम नाही. विसाव्यावाचून सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. जिथे उष्णता ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. आर लावलेली पराणी वापरायची नाही. ओझ्याचा संशय आला तर कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगू शकतो, असेही त्यात आहे. आता गंमत पाहा. बाकी साऱ्या देशात ओझ्याची गाडी काट्यावर न्यायला पोलीस शोधावा लागतो. उसाची गाडी मात्र रोज आपल्या पायांनी काट्यावर जाते! निव्वळ ऊस किती, तो आकडा पावतीवर येतो. त्या एका आकड्यावरून बैलांनी काय ओढले हे सातवीतला पोरगा सांगेल. जुलमाचा पंचनामा जिथे रोज कागदावर उतरतो, ती जागा सोडून आपण रस्त्यावर फोटो काढीत हिंडतो.

आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. १९६० साली ५० रुपये म्हणजे काही होते. आज त्यात दोघांचा चहा-नाश्ता होईल. तोही दंड भरतो गाडीवान. वास्तविक कायद्याच्या शब्दांत ओझे लादणाराच नव्हे, ते लादायला लावणाराही दोषी आहे. पण लादायला लावणारा खुर्चीत बसलेला असतो आणि पोलिसाच्या हाताला लागतो तो जुवाजवळचा. ही काही आपल्याच देशाची खोड नाही. इंग्लंडात १८२२ साली रिचर्ड मार्टिन यांनी गुराढोरांच्या छळाविरुद्ध कायदा करवून घेतला. तो गुरे हाकणाऱ्या गरिबांना लागू झाला. घोड्यांवर बसून कुत्र्यांकडून कोल्हा फाडवून घेणाऱ्या सरदारांच्या शिकारीला मात्र २००४ सालापर्यंत कायद्याने हात लावला नाही. दया नेहमी उताराच्या बाजूने वाहते; तिला चढावर नेण्यालाच चळवळ म्हणतात.

आपल्याकडे बैलांसाठी वाद झाला नाही असे नाही. शर्यतींवरून केवढा झाला! ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद मी इथे काढीत नाही. मला दोनच गोष्टी दिसतात. शर्यतीच्या बाजूला गावोगावचे बैलवाले उभे होते. बैलाच्या बाजूला बहुतेक वकीलच उभे होते. आणि शर्यतीचा बैल दूध-अंडी खाऊन वर्षातून काही वेळा काही क्षण धावतो, तर उसाचा बैल महिनोन्‌महिने रोज ओढतो. नऊ वर्षे आपण क्षणांवर भांडलो आणि महिन्यांकडे पाहिले नाही.

लोक उभे राहिले म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. ३ ऑगस्ट २०२५ रोजी नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीसाठी नांदणीहून कोल्हापूरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटरची मूक पदयात्रा निघाली. हत्तिणीचे हित कशात, याबद्दल दोन मते आहेत आणि असोत. पण त्या पदयात्रेची बांधणी शिकण्यासारखी होती. मागणी एक, घोषणा नाही, आणि चालणारे गावचेच. एका हत्तिणीसाठी आपण इतके चालू शकतो, तर हजारो बैलांसाठी कारखान्याच्या फाटकापर्यंत का चालू नये?

आता मुख्य आणि अवघड गोष्ट. "ओझे कमी करा" एवढेच ओरडून भागणार नाही. मुलांना घालतो तसे गणित घालतो. समजा, सहा टन ऊस आज दोन खेपांत जातो. खेपेला दोनच टन भरायचे ठरले, तर खेपा तीन होतील. तिसऱ्या खेपेचा वेळ, वैरण आणि श्रम कोण देणार? मजुरी टनावर आहे, खेपेवर नाही. म्हणजे बैलाचे ओझे उतरून ते गाडीवानाच्या पोटावर बसेल, आणि बैलाचा पहिला शत्रू बैलाचा मित्रच ठरेल. म्हणून मागणी जोडीने करायला हवी. ओझ्याला मर्यादा आणि गाडीच्या वाहतूक-दरात वाढ. एकीशिवाय दुसरी मागणारा एक तर भोळा आहे, नाही तर लबाड आहे.

आणि ही वाढ द्यायची कोणी? इथे आपण सारे खाली पाहू लागतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस उत्पादकाच्या बिलातूनच वजा होतो. याचा अर्थ, बैलाच्या खांद्यावरचे ओझे उतरवण्याची किंमत अखेर आमच्या ऊसबिलातून जाणार. खांदेमळणीच्या लोण्यापेक्षा ती महाग पडेल. पण ज्या दयेला किंमत पडत नाही ती दया कसली? ती नुसती हळद!

तेव्हा मोर्चा कसा काढावा, हे मी मास्तरकीच्या सवयीने क्रमाने सांगतो.

आधी मोजा. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात गावातल्या चारचौघांनी गाड्यांचे आकडे लिहावेत: पावतीवरचे वजन, जुंपल्याची वेळ, खांदेसूज असलेले बैल. गाडीवानाचे नाव लिहू नये. त्याला कळले पाहिजे, की ही वही त्याच्याविरुद्ध नाही. वही नसलेला मोर्चा म्हणजे नुसता घसा.

मग गाडीवानांच्या तळावर जा. पाल ठोकून राहिलेल्या माणसांना विचारा, तुम्हाला काय हवे. ते पाणी मागतील, रांगेत उभे असताना बैलांना सावली मागतील, तळावर जनावरांचा डॉक्टर मागतील. त्यांच्या बायका अंधारातल्या रस्त्याची भीती सांगतील. या मागण्या आपल्या अर्जात वर लिहा. मोर्च्याची पुढची रांग त्यांची असू द्या.

रस्ता अडवू नका. ऊसदराच्या आंदोलनांत वाहतूक अडली, की भरल्या गाड्या जागीच उभ्या राहतात. त्या बैलांना आंदोलनाचे कारण माहीत नसते. पोलिसांना आधी लेखी कळवा, सकाळी लवकर निघा, आणि शोभेसाठी बैल मिरवू नका. जनावरांच्या मोर्च्यात जनावर नसावे.

कागद एक, मागण्या दोन, उत्तराची तारीख एक. फाटकावर जो कागद घेईल त्याची सही घ्या. आणि नुसते "हे बंद करा" म्हणू नका. काय करता येईल तेही दाखवा. २०२२ साली इस्लामपूरजवळच्या राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या जुवाखाली आधाराचे एक चाक बसवून दाखवले. खांद्यावरचा भार काही प्रमाणात ते चाक घेते. पोरांना सुचले ते संचालकांना परवडणार नाही, असे कोण म्हणेल? गाड्यांना असे चाक बसवून पाहा, हा ठराव मांडायला काय हरकत आहे?

ठराव म्हटला, आणि खरी गोष्ट आलीच. सहकारी कारखान्याचे मालक कोण? आपण सभासद. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होते. त्या सभेत आपण भावाबद्दल, सवलतीच्या साखरेबद्दल तावातावाने बोलतो. बैलाबद्दल बोललेला सभासद मी ऐकलेला नाही. ज्याच्या हातात मत आहे त्याने फाटकाबाहेर घोषणा देणे आणि आत गप्प बसणे, हे नाटक आहे. फाटकाबाहेर आवाज गाडीवानाचा असू द्या. सभेत हात आपला वर जाऊ द्या. खासगी कारखाना असेल तर तिथे सभा नाही, पण ऊस आपलाच आहे. ऊस घालणाऱ्याचे म्हणणे कारखानदाराला ऐकावेच लागते.

शेवटी, मोर्च्यामागे काही तरी उभे राहिले पाहिजे. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमावरून पारशी समाज चिडून उठला आणि शहरात दंगा झाला. दंगा शमला. पण १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला, आणि तो दंग्याहून कितीतरी अधिक टिकला. आपणही कारखान्याच्या तळावर पाण्याचा हौद आणि चार पत्र्यांची सावली याच हंगामात उभी करू शकतो. त्याला कुणाची परवानगी लागली तरी कायदा बदलावा लागणार नाही.

वाचकहो, आणि विशेषतः माझ्या मायबहिणींनो, पाडव्याला ओवाळताना घरधन्याला एक प्रश्न विचारा: "या वर्षी आपल्या उसाची गाडी किती टनांची गेली?" तो म्हणेल, पावती पाहावी लागेल. पाहायला लावा. ज्या दिवशी तालुक्यातल्या घराघरांत ही पावती वाचली जाईल, त्या दिवशी निम्मा मोर्चा झालेला असेल. उरलेला निम्मा फाटकापर्यंत चालण्याचा आहे, आणि तेवढे अंतर आपल्या खांद्यावर काही ओझे नसल्यामुळे आपल्याला सहज चालता येईल.