तरुण हातांना हाक

उन्हाळ्याच्या दिवसांत सायंकाळी एखाद्या खेड्यातील पारावर जाऊन पाहावे. दहा-पंधरा तरुण तेथे नुसते बसलेले आढळतात. कोणी शाळा अर्ध्यावर सोडलेला, कोणी निकालाची वाट पाहणारा, तर कोणी शहरात काम न मिळाल्यामुळे परत आलेला असतो. जवळच गावची विहीर गाळाने भरलेली असते आणि शाळेच्या कुंपणाची भिंत गेल्या पावसाळ्यापासून खचलेली असते. काम आहे आणि हातही आहेत. परंतु त्या हातांना कोणी हाक घातलेली नसते. येणारी-जाणारी वडीलधारी माणसे मात्र त्या मुलांना 'रिकामटेकडे' म्हणून मोकळी होतात. हा शब्द अन्यायाचा आहे. ज्यांच्यावर कधी जबाबदारीचे काम सोपविलेच नाही, त्यांना आळशी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ही हाक राष्ट्राच्या शासनाने घालावी काय, आणि घालावी तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न आपल्या देशात जुनाच आहे. १९४८ साली कायदा होऊन राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. १९५८ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरू यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून असा विचार मांडला की, पदवी घेण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने काही समाजसेवा केलेली असावी. पुढच्याच वर्षी या कामी एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले आणि पुढे देशाचे अर्थमंत्रिपद भूषविलेले. हिशेबात अत्यंत काटेकोर अशी त्यांची ख्याती होती. शालान्त शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा केलीच पाहिजे, अशी शिफारस समितीने केली. त्या सेवेत थोडे लष्करी शिक्षण होते, अंगमेहनत होती आणि समाजसेवाही होती. योजना भव्य होती. परंतु तिचा खर्च व अंमलबजावणीतील अडचणी पाहून ती बाजूला ठेवावी लागली.

ती बाजूला राहिली, हे एका परीने बरेच झाले. सक्तीचा अनुभव देशाने लवकरच घेतला. १९६२ च्या चीन-युद्धानंतर, १९६३ साली, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली. पाच वर्षांतच, १९६८ साली, ती पुन्हा ऐच्छिक झाली. छात्रसेनेची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. आजही तिच्यात जाणारी मुले आपण होऊन जातात, आणि म्हणूनच त्यांच्या पावलांत जोम असतो. हुकमाने रांग उभी करता येते. परंतु तिच्यातील प्रत्येकाचे मन कामात आहे की नाही, ते हुकूम सोडणाऱ्याला कळत नाही.

पुढे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे व ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. वर्षाला १२० तास सेवा आणि शिवाय सात दिवसांचे एक शिबिर, असा तिचा नेम आहे. कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे तिचे चिन्ह. तिच्या शिबिरांत शहरातील मुले खेड्यात राहतात, कुदळ-फावडे हाती धरतात, आणि हातांना फोड आले म्हणजे मजुराच्या हातांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतात. एवढे एक घडले तरी शिबिर कारणी लागले.

पण ही योजना मुख्यतः शिकणाऱ्यांची. पारावरच्या मुलांचे काय? १९७२ साली नेहरू युवा केंद्रे निघाली, ती प्रामुख्याने खेड्यांतील व शाळा सुटलेल्या तरुणांसाठी. आता २०२३ मध्ये केंद्र शासनाने 'मेरा युवा भारत' ही स्वायत्त संस्था स्थापन केली आहे. ती मुख्यतः १५ ते २९ या वयाच्या तरुणांसाठी असून नावनोंदणी संगणकाच्या जाळ्यावर होते. साधन सोयीचे आहे, यात शंका नाही. तथापि नाव नोंदविणे आणि काम करणे यांत फार अंतर असते. ज्या घरात एकच फोन, आणि तोही वडिलांच्या खिशात, त्या घरातील मुलीपर्यंत ही हाक कशी पोहोचणार? अशा संस्थेने आपले यश नोंदलेल्या नावांवरून मोजू नये. किती विहिरी उपसल्या आणि किती मुली घराबाहेर पडून कामाला लागल्या, यावरून मोजावे.

कोणी म्हणेल, यासाठी शासन कशाला हवे? बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी भरविली, तेव्हा दूरदूरचे तरुण तेथे घाम गाळावयास गेले. कोणत्याही खात्याने त्यांना धाडले नव्हते. हे खरे आहे. परंतु देशात सातशेहून अधिक जिल्हे आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला एक बाबा आमटे येत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आठ दिवस विनामूल्य राबणे हे ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटते त्यालाच परवडते. मजुरी बुडवून श्रमदान करावयास गरिबाच्या मुलाला सांगणे ही थट्टाच होय. मंदीच्या काळात, १९३३ साली, अमेरिकेने बेकार तरुणांचे एक वनसंरक्षण दल उभारले. त्यातील मुलांना महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांतील बहुतेक रक्कम त्यांच्या घरी जाई. १९४२ पर्यंत त्या मुलांनी कोट्यवधी झाडे लावली. मोबदला मिळतो म्हणून त्यांच्या कामाला कोणी हलके मानले नाही.

तेव्हा अशी राष्ट्रीय संस्था जरूर असावी, पण तिने तालुक्याच्या गावी आपला एक हाडामांसाचा माणूस ठेवावा. गाळ कोणत्या विहिरीतला आधी काढावयाचा, हे गावच्या तरुणांना ठरवू द्यावे. खर्चाची वही त्यांच्यापैकीच एखाद्या मुलीच्या हाती द्यावी. चूक झाली तर ती त्यांनाच निस्तरू द्यावी. आणि पावसाला दोन महिने उरले असता पारावर येऊन त्या माणसाने भाषण करू नये. घमेली व कुदळी खाली ठेवाव्या आणि कोणकोण येणार, एवढेच विचारावे.