गांजाची केस आली की आपली दातखीळ का बसते?



कर्जाची जप्ती आली की आपण गाडीभर माणसे घेऊन तहसीलवर जातो. वीज तोडायला माणूस आला की खांबाखाली बसतो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला बंदी असलेला एचटीबीटी कापूस उघड पेरला गेला, गुन्हे दाखल झाले, तेव्हा आरोपींच्या यादीत नाव आले म्हणून कुणी मान खाली घातली नाही. पण कापसाच्या किंवा तुरीच्या ओळीत गांजाची झाडे सापडली म्हणून शेजारच्या गावचा कोरडवाहू शेतकरी उचलला जातो, तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम वेचणीची घाई होते. त्याच्या घरी कोणी जात नाही. ‘आपला त्याच्याशी संबंध नाही’ असे सांगून कार्यकर्ते मोकळे होतात.

गांजा लावा असे मी म्हणत नाही. जो लावतो तो स्वतःच्या लेकराबाळांना विहिरीच्या काठावर उभे करतो. मी म्हणतो ते एवढेच, की आरोप झालेल्या शेतकऱ्याला वकील मिळवून देणे हे संघटनेचे काम आहे, आणि ते आपण करत नाही.

हा कायदा साधा नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २० प्रमाणे नुसत्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. जप्त गांजा वीस किलोपेक्षा जास्त दाखवला की ते ‘व्यापारी प्रमाण’ होते. मग शिक्षा कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त वीस, आणि दंड एक ते दोन लाख. त्याहून वाईट म्हणजे कलम ३७. व्यापारी प्रमाण आले की आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे, याबद्दल न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. इतर गुन्ह्यांत जामीन हा नियम असतो, इथे तो अपवाद आहे. म्हणजे सगळा खेळ वजनाचा आहे.

आता वजन कसे होते ते पाहा. शेतातली झाडे मुळासकट उपटतात, मातीसकट, ओली, खोड-फांद्या-पाने सगळे एकत्र बांधतात आणि काट्यावर टाकतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, शेजारी लाखांचा आकडा.

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे, पण हे कळायला पदवी लागत नाही. हिरवी ज्वारी कापून शंभर किलो वैरण आणा, कडबा होईपर्यंत वाळवा आणि किती उरते ते घरात गुरांचे बघणारीला विचारा. आपला कापूस घेऊन आपण सीसीआयच्या केंद्रावर जातो तेव्हा हेच सरकार यंत्र खुपसून ओलावा मोजते. आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापते, बाराच्या वर गेला की गाडी परत पाठवते. पैसे द्यायचे असतात तेव्हा पाण्याचा थेंब मोजायचा, आणि माणूस तुरुंगात टाकायचा असतो तेव्हा चिखलसुद्धा गांजा!

आणि कायदाच काय म्हणतो? कलम २ मध्ये गांजाची व्याख्या दिली आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडा सोबत नसेल तर नुसते पान आणि बी त्यात धरलेले नाही. खोड, मूळ, माती यांचे तर नावच नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने याच व्याख्येवर बोट ठेवून एका आरोपीला जामीन दिला. लागवडीच्या पोटकलमाला वजनाची पायरीच नाही, हाही मुद्दा आहे. प्रत्येक न्यायालय जामिनाच्या वेळी हे ऐकतेच असे नाही, काही ठिकाणी ‘खटल्यात बघू’ असे उत्तर मिळते. पण मुद्दा मांडलाच नाही तर ऐकणार कोण? आणि मांडायचा तर वकील हवा. तोही पहिल्या आठवड्यात हवा, दोन वर्षांनी नव्हे.

इथेच आपला माणूस बुडतो. अटक झाली की घरच्यांकडे पहिल्यांदा येतो तो वकील नसतो, मध्यस्थ असतो. ‘साहेबांशी बोलतो, कलम हलके करून देतो.’ बैलजोडी जाते, मंगळसूत्र जाते, मध्यस्थ फोन उचलायचा बंद होतो. एका बाईने मला हिशेब सांगितला होता. नवरा आत, मध्यस्थाला दिलेले पैसे गेलेले, मग सावकाराकडून काढून शहरातल्या वकिलाला दिलेले, तो तीन तारखांनंतर आलाच नाही. फुकट सरकारी वकील मिळतो हे तिला माहीत होते. पण तो सरकारचा, म्हणजे पोलिसांचाच माणूस, असे तिला कुणीतरी सांगितले होते.

हे खोटे आहे आणि ते गावोगाव खोडून काढले पाहिजे. सरकारी वकील वेगळा, तो आरोपीविरुद्ध उभा राहतो. विधी सेवा प्राधिकरण देते तो वकील आरोपीचा असतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ वाचा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस मोफत वकिलाला पात्र आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जमीन किती हे कुणी विचारू शकत नाही. ही भीक नाही, घटनेच्या कलम २१ आणि ३९-अ मधून आलेला हक्क आहे. वकील मागता येतो हे आरोपीला सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने भागलपूरच्या अंधीकरण प्रकरणात १९८१ सालीच बजावले. तरी पहिल्या रिमांडला कोणी सांगितले नाही तर आपल्या माणसाने तोंड उघडून म्हणावे, ‘साहेब, मला वकील नाही, द्या.’

जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. त्याचा सचिव न्यायाधीशच असतो. २०२२ च्या योजनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालये झाली आहेत. तिथले वकील पगारावर असतात आणि आरोपीच्या बचावाचेच काम करतात. १५१०० हा फोन देशभर चालतो. दिलेला वकील तारखेला येत नसेल तर सचिवाला लेखी अर्ज करून दुसरा मागता येतो. हे सगळे चोख चालते असा माझा दावा नाही. बाजार समितीही चोख चालत नाही, म्हणून आपण तिथला हक्क सोडतो का?

वकील मिळाला की त्याला कामाला लावायचे. जमीन कोण कसत होते हा पहिला प्रश्न. सातबारा आजोबांच्या नावावर, शेत मक्त्याने दिलेले, आणि धरला सालदार, अशी आपल्याकडची तऱ्हा. कसलेल्या जमिनीत झाड निघाले तर कलम ५४ प्रमाणे दोष गृहीत धरता येतो, पण ती जमीन याने कसली हे आधी सरकारने दाखवायचे असते. उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात ते दाखवता आले नाही आणि झाडे आपोआप उगवलेलीही असू शकतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले आहे. तेव्हा सातबारा, पीकपाहणीची नोंद, मक्त्याचा कागद पहिल्याच दिवशी वकिलाच्या हातात हवा.

अटकेची कारणे आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी दिली का? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केले आहे. झडती-जप्तीचे चित्रीकरण झाले का? जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत कलम १०५ प्रमाणे ते करायचे आहे. मुद्देमालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर झाले का? कलम ५२-अ तसेच सांगते. व्यापारी प्रमाण असेल तर १८० दिवस मोजा. दोषारोपपत्र आले नसेल आणि मुदत वाढवून घेतली नसेल तर त्याच दिवशी जामिनाचा अर्ज पडला पाहिजे, एक दिवस उशीर झाला आणि दोषारोपपत्र आधी आले की तो हक्क गेला. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थ खात्याच्या अधिकाऱ्यांनाही हाच नियम लावला. कोऱ्या कागदावर सही-अंगठा मात्र कुणी देऊ नये.

आणखी एक. आपल्या नाल्याकाठी, धुऱ्यावर दुसऱ्या कुणी झाडे लावलेली दिसली तर गप्प बसू नका. कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाने पोलिसांना कळवायचे असते, आणि जाणूनबुजून न कळवणाराही शिक्षेला पात्र ठरतो. लेखी कळवा आणि पोच घ्या.

काही मित्र म्हणतील, गांजावाल्याची बाजू घेतली तर संघटना बदनाम होईल. मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याला हेच सरकार अफूचा परवाना देते, त्याची बदनामी होत नाही. उत्तर प्रदेशात भांगेच्या गोळीवर सरकार हात ठेवून बसत नाही. बी देणारा, आगाऊ पैसे देणारा, रात्री गाडी आणणारा व्यापारी किती केसेसमध्ये आरोपी होतो ते पेपर काढून मोजा. सापडतो तो शेतात उभा असलेला, कारण त्याला पळायला जागा नसते. त्याच्यावरचा आरोप खरा असेल तर न्यायालय शिक्षा देईल. पण वजन, व्याख्या आणि मुदत कुणी तपासलीच नाही म्हणून दहा वर्षे जात असतील, तर तो न्याय नव्हे.

येत्या जिल्हा बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी मागणी आहे. प्रत्येक तालुक्याने दोन कार्यकर्त्यांची नावे द्यावीत, त्यातली एक बाई असावी. अटक कळली की चोवीस तासांत घरी जायचे, मध्यस्थाला दारातून हाकलायचे आणि प्राधिकरणात अर्ज टाकायचा, एवढेच त्यांचे काम. जप्तीच्या वेळी शेंडे वेगळे काढून वजन करा, माती-मुळे-खोड त्यात धरू नका, असे निवेदन पोलीस अधीक्षकांना द्यायचे आहे, त्याचा मसुदा मी आणतो. तुमच्या तालुक्यात आज आत असलेल्यांची नावे, अटकेची तारीख आणि वकील आहे की नाही, हे लिहून आणा. १८० दिवस कुणाचे केव्हा भरतात ते तिथेच बसून मोजू.